झोपलेल्या माणसाचा गुडघा

त्या दिवशी मी झोपलेल्या माणसाला तीनदा आंघोळ घातली. पहिली गरजेची होती, दुसरी संशयाची आणि तिसरी निव्वळ लबाडीची. सांगायचं आहे ते या तिसरीबद्दल.

झोपलेला माणूस म्हणजे माझं शिल्प. काळ्या दगडाचा, आठ फूट लांब, पाच टन वजनाचा. उताणा पडलाय, डोक्याखाली पिशवी, एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडून उभा. बस चुकलेला, किंवा बस यायला अजून वेळ असलेला कुठलाही माणूस. शहराच्या नव्या बसस्थानकाच्या चौकात तो ठेवायचा होता. चौथरा नाही, थेट फरशीवर. भोवती कठडा नाही, साखळी नाही. लोकांनी त्याच्या पोटाला टेकून बसावं, सरळ पायावर सामान टेकवावं, उभ्या गुडघ्याखाली जी कमान तयार झाली आहे तिच्यातून पोरांनी सरपटत जावं, असं सगळं माझ्या डोक्यात होतं.

त्यासाठी पालिकेच्या समितीशी दीड वर्ष भांडले. एका सदस्याचं म्हणणं, झोपलेला माणूस म्हणजे आळसाला उत्तेजन. त्याला निदान उठून बसवा तरी. मी म्हटलं, आज बसवला तर उद्या म्हणाल उभा करा, आणि उभा केला की म्हणाल एक हात वर करा. हात वर केलेली माणसं मी भरपूर केली आहेत.

खरंच केली आहेत. उमेदीची पंधरा वर्षं त्यातच गेली. कोटाची बटणं, चष्म्याच्या काड्या, उजवा हात वर. आधी मातीत घडवायचं, मग साचा, मग ब्राँझचं ओतकाम. माती मला कधी फारशी मानवली नाही. ती सगळ्याला हो म्हणते. नाक दाबलं तर दबते, परत वर काढलं तर वर येते, आणि करणाऱ्याला वाटतं आपल्याला काहीतरी जमलं. ब्राँझमध्ये बोट चुकलं तर कापून नवं जोडता येतं. दगडात तसं नाही. गेलं ते गेलं. तो पहिल्या दिवसापासून उलट बोलतो, आणि माझ्यासारख्या नाकावर राग असलेल्या बाईला भांडायला कुणीतरी तोडीस तोड लागतंच. चाळिशीच्या आत मी ब्राँझ सोडलं, चौथरे सोडले, आणि उंचावर काही ठेवायचं नाही असं ठरवून टाकलं. उंचावरच्या पुतळ्याची ओळख फक्त पक्ष्यांना असते.

समितीत माझी बाजू घेतली ती एकटीनं, पालिकेच्या इंजिनीअर बाईंनी. पस्तिशीच्या असतील, कमी बोलणाऱ्या, सारखं पेनचं टोपण काढायचं-लावायचं ही सवय. त्या म्हणाल्या, "कठडा नको हे मला पटतं. पण मग दगडाची जबाबदारी तुमची. दगड वाजवून पाहिलाय आणि आत चीर नाही, असं तुम्ही सहीनिशी द्यायचं." मी लगेच हो म्हटलं. दगड वाजवण्याच्या बाबतीत माझं नाव होतं.

हे वाजवणं म्हणजे काही मोठी विद्या नाही. हातोडीनं ठिकठिकाणी ठोकायचं. दगड आतून अखंड असेल तर खणखणीत वाजतो, चीर असेल तर आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. कान तयार असला की झालं. खाणीवरचे लोक माझ्या कानाला वचकून असत. मी तीन वेळा ठोकून "नको" म्हटलं की खाणमालक वाद न घालता दुसरा दगड दाखवायचा.

आता खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी कान तपासून घेतले होते. चाळीस वर्षं छिन्नी आणि ग्राइंडर, कानात कधी बोळा घातला नाही. डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ डावीकडून बरी सुरू व्हायची आणि मध्येच कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली जायची. बारीक, उंच आवाज गेलेत, म्हणाले, परत येणार नाहीत. मी तो कागद पॉलिशपेपरच्या खोक्याखाली सरकवून दिला आणि कुणाला काही बोलले नाही. त्यानंतर मी लोकांच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकले. समोरच्याचं कळलं नाही तर "पुटपुटू नका, नीट बोला" म्हणून त्यालाच झापायचं. माझी भावजय तर सगळीकडे सांगत होती की वन्संना आता फार शिष्टपणा आलाय, हाक मारली तरी वळून बघत नाहीत. मी ते खुशाल ऐकून घेतलं. शिष्ट म्हटलेलं परवडलं.

तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तीस वर्षं माझ्याबरोबर काम करतो. बावन्न वर्षांचा झालाय, पण मी त्याला धाकटाच म्हणते. दगड कापणं, उचलणं, चेन-पुली, रोलर, सगळं तो बघतो. छिन्नीही चांगली चालवतो, नुसता मान्य करत नाही. स्वभावानं असा की स्वतःच्या पायावर दगड पडला तरी आधी दगडाला लागलं का बघेल.

दगड निवडायला आम्ही दोघंच गेलो होतो. मी हातोडी घेऊन चारी बाजूंनी ठोकलं. मला प्रत्येक ठोका सारखाच ऐकू आला, पोत्यावर काठी मारावी तसा. दोन वर्षांत सगळेच दगड मला तसे ऐकू येत होते. मग मी नेहमीची युक्ती केली. ठोका मारायचा आणि धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. आवाज बद्द आला की त्याच्या कपाळाला आठी पडते, हे मला तीस वर्षांत पाठ झालेलं. तो शांत उभा होता. आठी नाही, काही नाही. मी म्हटलं, "खणखणीत आहे." तो म्हणाला, "हो ताई." दगड गाडीत चढला.

त्यानंतर आठ महिने काम. आता क्रेन उद्या सकाळी यायची होती, उद्घाटन शुक्रवारी. आज दुपारी इंजिनीअर बाई येऊन कागदावर सही घेणार होत्या. म्हणून सकाळी मी पाइप लावून त्याला धुवायला काढला. धूळ गेली, दगड काळाभोर चमकला, आणि मी सुकायची वाट बघत बसले.

बसले म्हणणं खोटं. मला बसवत नव्हतं. काम संपलं की माझं असंच होतं, हात रिकामे झाले की अंगात वारं शिरतं. धार असलेल्या छिन्न्यांना पुन्हा धार लावली. फाटकापर्यंत जाऊन आले. चहा केला, अर्धा प्यायला, अर्धा ओतला. धाकट्यानं लाकडी ओंडके रचून ठेवले होते, ते मी उगाच हलवून दुसरीकडे रचले. तो बघत राहिला, मग म्हणाला, "तू जरा घरी जाऊन पड." मी त्याला म्हटलं, तूच जा. तो गेला नाही.

ऊन होतं, वारं होतं. पंधरा-वीस मिनिटांत दगड सुकला. छाती सुकली, पोट सुकलं, पिशवीच्या चुण्यांतलं पाणीसुद्धा गेलं. फक्त उभ्या पायाच्या मांडीच्या मुळाशी एक ओली रेघ राहिली. केसाएवढी बारीक. वाटलं, वरून ओघळ आला असेल. फडक्यानं पुसली. गेली. मी वळले आणि परत बघितलं तर होती तिथेच.

दगडातली चीर डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागत नाही, पण ती पाणी धरून ठेवते. बाकी सगळा दगड सुकतो आणि तेवढीच ओली राहते. हे मला माझ्या गुरूनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी पुन्हा पाइप घेतला, पुन्हा सगळा भिजवला, पुन्हा वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या. ती दुसरी आंघोळ. रेघ परत आली, आणि आता नीट बघत होते म्हणून दिसलं की ती मांडीला वळसा घालून खाली कमानीच्या आत गेली आहे.

शिल्पाला खाली पाट, म्हणजे त्याच दगडाची सलग बैठक, नव्हता. पाठ आणि उभ्या पायाचा तळवा थेट जमिनीवर टेकत होते. म्हणजे तो उभा पाय धडाला धरून होता तो फक्त त्या मांडीच्या मुळाशी. तिथे सुटला तर अख्खा पाय आडवा होणार, एक टनाचा, कमानीत जो कोणी असेल त्याच्यावर.

त्याच वेळी फाटकातून इंजिनीअर बाई आत आल्या. मी काय करावं? मी पाइप उचलला आणि झोपलेल्या माणसाला तिसऱ्यांदा भिजवायला सुरुवात केली. ओल्या दगडावर ओली रेघ कुणाला दिसणार?

"अजून धुणं चाललंय?" त्या हसून म्हणाल्या.

"धूळ फार आहे," मी म्हटलं.

त्या शिल्पाभोवती फिरल्या. एकदा वाकून कमानीत डोकावल्या, दगडावर तळहात ठेवला, तसाच ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना तो आवडला होता, मला दिसत होतं, आणि मला ते नको होतं. त्या फिरत होत्या आणि मी त्यांच्या मागून पाणी मारत होते. जिथे सुकायला लागे तिथे पाणी. त्यांचे बूट भिजले. धाकटा चेन-पुलीपाशी उभा राहून हे सगळं बघत होता. शेवटी त्यानं येऊन माझ्या हातातून पाइप घेतला आणि नळ बंद केला. मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर पळाला असता.

बाईंनी कागद काढला, टोपण काढलं, मला दिलं. मी चष्मा शोधण्यात वेळ काढला. कागदावर लिहिलं होतं, 'दगड मी स्वतः वाजवून पाहिला असून तो निर्दोष आहे.' खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"सहीच्या आधी एकदा माझ्यासमोर वाजवून दाखवता?" त्या म्हणाल्या. "संशय म्हणून नाही. मला ते ऐकायचंच होतं कधीपासून."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी हातोडी घेतली. खांद्यावर ठोकलं. छातीवर ठोकलं. मग सवयीनं, किंवा माझं मन मला खात होतं म्हणून, मांडीवर ठोकलं. मला तिन्ही सारखेच. हाताला झिणझिण्या आल्या तेवढंच. "ऐकलंत?" मी म्हटलं. "खणखणीत."

बाईंच्या हातातलं टोपण थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. तो पाठमोरा होता, चेनच्या कड्या हातात घेऊन. त्याचे खांदे हलले. तो काहीतरी बोलला असावा.

"तिकडे तोंड करून काय पुटपुटतोस?" मी ओरडले.

तो परत काहीतरी बोलला, अजूनही चेनकडे तोंड करून. बाईंना ऐकू गेलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. फक्त मलाच कळलं नव्हतं, आणि मला इतका संताप आला की मी हातोडी जमिनीवर आपटली. "मर्द असशील तर इकडे बघून बोल!"

तो वळला आणि बोंब मारल्यासारखा ओरडला, "बद्द वाजतोय, ताई! मांडीला बद्द वाजतोय! खाणीत पण बद्दच वाजला होता!"

शेजारच्या गॅरेजमधले दोघे भिंतीवरून डोकावले.

"मग तेव्हा मूग गिळून का बसलास?" मी म्हटलं.

"तू खणखणीत म्हणालीस. तुझ्या कानापुढे माझा कान तो काय? मला वाटलं मलाच चुकीचं ऐकू आलं. तू चुकशील असं मला कसं वाटेल?"

"मी तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, गाढवा! तुझ्या कपाळाला आठी पडली नाही म्हणून म्हणाले!"

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो," तो म्हणाला. "तू शांत होतीस."

इतकी साधी गोष्ट. दोन जाणती माणसं एका दगडासमोर उभी राहून एकमेकांचं तोंड बघत होती आणि दगडाचं कुणीच ऐकलं नाही. मी उलटी ठेवलेली बादली ओढली आणि तिच्यावर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच बसले. मग दोघांनाही सांगितलं की मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. कागद आहे, पॉलिशपेपरच्या खोक्याखाली. सांगताना लाज वाटली, फार वाटली, ती लपवण्यात आता अर्थ नव्हता.

बाई माझ्या समोर येऊन, तोंड मला दिसेल अशा उभ्या राहिल्या. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूनं कायम धरीन. त्या सावकाश म्हणाल्या, "एक करता येईल. आत स्टीलची सळई घालून चीर भरून घेऊ. आणि भोवती कठडा. कमरेएवढा. कुणी जवळ जाणार नाही, म्हणजे धोका नाही. शुक्रवार सांभाळता येईल."

मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू? अर्ध्या मिनिटात मी मनातल्या मनात तो कठडा उभारला, त्याला साधा काळा रंग दिला, उद्घाटनाला कुठली साडी नेसायची तेही ठरवलं. आठ महिने. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, बहिऱ्या कानांनी, यापुढे एवढं काम मला कोण देणार होतं? हा माझा शेवटचा मोठा दगड आहे हे मला आलेख बघितला त्या दिवसापासून माहीत होतं.

"किती खोल आहे ते बघ," मी धाकट्याला म्हटलं.

त्यानं हातोडी उचलली. दर ठोक्याला तो माझ्याकडे वळून हात दाखवू लागला. आवाज चांगला असेल तर हात वर, बद्द असेल तर खाली. धड, वर. कंबर, वर. मांडीचं मूळ, खाली. बाहेरची बाजू, खाली. त्यानं खडूनं खुणा केल्या. मग वाकून कमानीच्या आत हातोडी घातली, आणि मी त्याच्या हाताकडे जीव मुठीत धरून बघत होते. खाली. खाली. खाली. खडूच्या खुणा मांडीला जवळजवळ पुरा वळसा घालून आल्या.

"कठडा घालू, ताई," तो म्हणाला. आता तोंड माझ्याकडे करून, मोठ्यानं. "चांगला उंच घालू."

"लहान पोरं कठड्याच्या खालून जातात," मी म्हटलं. "मोठ्यांसाठी असतो तो."

मी उठले आणि घण आणायला सांगितलं. तो हलला नाही. मीच गेले, शेडमधून घण ओढत आणला. बाई म्हणाल्या, आज राहू द्या, उद्या शांतपणे ठरवू. त्यांचं चूक नव्हतं. पण मी स्वतःला ओळखून होते. उद्या सकाळपर्यंत मी माझी समजूत घातली असती. सळई पुरेशी आहे असं म्हणाले असते, दुपारपर्यंत कठडासुद्धा नको म्हणाले असते, आणि सगळ्यांना पटवलंही असतं. माझी जीभ अजून शाबूत आहे.

मी दोघांना लांब, भिंतीपाशी उभं केलं. पहिला घाव गुडघ्यावर आडवा घातला. काही झालं नाही. दुसऱ्याला मनगटापासून खांद्यापर्यंत कळ गेली, आणि एका क्षणासाठी मला वाटलं, धरून आहे, आम्ही दोघंही मूर्ख आहोत, दगड चांगला आहे. तिसरा नीट बसलाच नाही, निसटता लागला. पाय तेवढ्यानंच सुटला. कमान होती तिथेच आडवा पडला. मला तळव्यांतून हादरा आला. आवाज केवढा झाला ते भिंतीवरून डोकावणाऱ्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

धूळ बसल्यावर मी तुटलेल्या तोंडाशी जाऊन बघितलं. ताज्या फुटलेल्या दगडाचा रंग स्वच्छ करडा असतो. इथे सगळीकडे जुना तांबूस डाग होता, मुरलेल्या पाण्याचा, कोण जाणे किती वर्षांचा. करडा भाग होता तो वरच्या कडेला, माझ्या तळहाताएवढा. एवढा मोठा पाय आठ महिने तेवढ्यावर उभा होता.

इंजिनीअर बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. समितीला काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सांगा, शिल्प फुटलं. आणि शिल्पकाराला ऐकू येत नाही. दोन्ही लिहा." त्या गेल्या.

धाकटा तुटलेल्या पायापाशी खाली बसला होता. तांबूस डागावर तळहात ठेवून, मग त्या करड्या तुकड्यावर. त्याचे ओठ हलले.

एरवी मी त्याला झापलं असतं. या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "मला ऐकू आलं नाही. परत सांग."

त्यानं माझ्याकडे तोंड केलं. डोळे भरले होते. "तीन आठवडे तू याच्याखाली उताणी पडून आतून पॉलिश करत होतीस," तो म्हणाला. "रोज. आणि मी वरून तुला पाणी देत होतो."

"तुला कुठे माहीत होतं एवढी खोल आहे?"

"बद्द वाजतोय हे माहीत होतं, ताई," तो म्हणाला. प्रत्येक शब्द सुटा, मोठ्यानं, माझ्या डोळ्यांत बघून, आणि त्यातला एकही मला चुकला नाही.